ज्योतीरामांच्या पेटीचा नवा भाता

मित्रांनो, मी बाजाची पेटी आहे. देवळातल्या भजनाला किंवा शाळेच्या प्रार्थनेला तुम्ही माझ्या बहिणी पाहिल्या असतील. माझे लाकूड सागाचे, सूर पितळेचे आणि भाता कातड्याचा. भाता हलवून कुणी मागून वारा भरला तरच माझ्यातून आवाज निघतो. वारा संपला की समोर कितीही मोठा वाजवणारा बसलेला असो, मी मुकी. हे आधीच सांगते, कारण मागच्या महिन्यात निगडीच्या नाट्यगृहात, भरल्या सभागृहासमोर, मला याच एका गोष्टीची भीती वाटत होती.

पण सुरुवात पुण्याजवळच्या मोशीपासून करायला हवी. तिथल्या भजनी मंडळाने मला नवी कोरी आणली तेव्हा देवळामागे ज्वारी उभी असे. बारा वर्षे मी तिथे वाजले. पुढे मंडळाने मोठी पेटी घेतली आणि मी कोपऱ्यात गेले. मंडळाचे प्रमुख बबनराव यांनी शेताच्या कडेला भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. त्यांतल्या एका खोलीत लातूरकडचे ज्योतीराम, त्यांची पत्नी कुसुमताई आणि लहानगी विजयश्री राहत. ज्योतीराम चाकणला, पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेसवर कामाला होते. सकाळी आंघोळ करताना ते मोठ्याने गात. एकदा बबनराव नळ दुरुस्त करायला आले आणि हातात पाना धरून मोरीच्या दाराशी तसेच उभे राहिले.

“ह्ये कुनाचं गानं म्हनायचं?”

“माझंच आहे, नाना. कंपनीच्या बसमध्ये सुचलं.”

“बसमधी? आमाला बसमधी नुसती झोप येती.”

दुसऱ्या दिवशी बबनराव मला खांद्यावर घेऊन ज्योतीरामांच्या दारात उभे. ज्योतीराम संकोचले. बबनराव म्हणाले, “देवाम्होरं वाजलेली पेटी इकायची न्हाई आन् अडगळीतबी टाकायची न्हाई. वाजवनाऱ्याच्या घरी द्यायची. आमची रीतच हाय तशी.”

त्या खोलीत माझे खरे आयुष्य सुरू झाले. आमच्या भागात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. दर गुरुवारी जेवण झाले की ज्योतीराम मला पुढ्यात घेत. डब्यातल्या थंड पोळीचे गाणे, बस चुकलेल्या माणसाचे गाणे, गावाहून आलेल्या आईला लिफ्टची भीती वाटते त्याचे गाणे. ती कुठे छापून आली नाहीत. पण बारशाला, निवृत्तीच्या समारंभाला, गणपतीत लोक त्यांना बोलावू लागले. पुढे मोबाइलवरून ती इतकी फिरली की बसमध्ये अनोळखी माणसे ज्योतीरामांच्याच शेजारी बसून त्यांचेच गाणे गुणगुणत. ते घरी येऊन हे सांगत आणि लाजत.

मग एका दुपारी प्रेसखाली त्यांचा डावा हात आला. बोटे वाचली, पण मनगट कायमचे निकामी झाले. उजव्या हाताने पट्ट्या दाबता येत, पण भाता हलवायला हात उरला नाही. सहा महिने माझे झाकण उघडले नाही. ते खोलीतच असत आणि गात नसत. मित्रांनो, अडगळीत पडून राहणे मला माहीत होते. वाजवणारा समोर असताना बंद राहणे त्याहून जड असते.

एका गुरुवारी नऊ वर्षांची विजयश्री माझ्या मागच्या बाजूला, वडिलांच्या समोर येऊन बसली.

“बाबा, मागचं मी हलवते. पुढचं तुम्ही बघा.”

“तुला जमायचं नाही, विजू.”

“तुम्हाला तरी कुठं जमायलंय?”

ओट्याकडून कुसुमताई ओरडल्या, “बापाला असं बोलायलीस व्हय गं?”

ज्योतीराम हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

त्यानंतर एकवीस वर्षे ती दोघे अशीच समोरासमोर बसली. पट्ट्यांवर त्यांचा उजवा हात, भात्यावर तिचा. ते श्वास घ्यायला थांबले की तिचा हात थांबे. तिने त्यांच्याकडे पाहण्याचीही गरज उरली नव्हती. ती मोठी झाली, ताथवड्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाली, तरी गुरुवारी संध्याकाळी रजा काढून येत असे.

मधल्या काळात एका उंदराने माझा भाता कुरतडला. ज्योतीरामांनी कंपनीतला जुना कातडी हातमोजा कापून बाहेरच्या घडीला ठिगळ लावले. वारा साठवून ठेवणाऱ्या, पोटातल्या भात्यालाही भोक पडले होते, पण तिथपर्यंत एका हाताने पोचता येईना. ते तसेच राहिले. तेव्हापासून मला वारा धरून ठेवता येत नसे. विजयश्रीचा हात क्षणभर थांबला की माझा आवाज बसे. तिने जोर वाढवला. त्यांनी ओळी आखूड केल्या. कुसुमताई म्हणत, “एकदा दाखवून आणा की तिला.” ज्योतीराम म्हणत, “पुढच्या गुरुवारी.” पुढच्या गुरुवारी कुणाचे तरी बारसे निघे.

त्यांचे सगळ्यांत आवडते झालेले गाणे याच काळातले.

दोरीवरती ऊन वाळते, पुन्हा चहा शेगडीवरी,
भोंगा वाजो, बस निघू दे, आज गुरुवार, आज मी घरी.

शेवटच्या ‘घरी’वर ते पटकन थांबत आणि माझ्या झाकणावर टिचकी मारत. लोकांना वाटे, तीच त्या गाण्याची गंमत.

मागच्या वर्षी चार महिन्यांच्या आजारात ज्योतीराम गेले. मला चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवले. कुणी रागाने ठेवले नाही. माझ्याकडे कुणाला पाहवत नव्हते, एवढेच. वर्षभर मी तिथे दमट हवेत पडून राहिले.

वर्षश्राद्धाच्या सुमाराला त्यांच्या मित्रांनी निगडीला त्यांच्या गाण्यांची संध्याकाळ ठरवली. सगळी धावपळ सनीची. सनी त्यांच्याच कारखान्यात तपासणी विभागात होता आणि गाणे त्यांच्याकडून शिकला होता. “ताई, पेटी जरा पुसून-बिसून आणतो,” असे म्हणून तो मला घेऊन गेला. त्याने मला थेट पुण्यातल्या कारागिराकडे नेले. आठ दिवसांत माझ्या पोटातले कातडे बदलले, स्प्रिंगा बदलल्या, बाहेरच्या भात्याला नव्या घड्या आल्या. हातमोज्याचे ठिगळ ओरबाडून कचऱ्याच्या डब्यात गेले. मी पाहत होते. मला काही करता आले नाही.

सनी मला परत घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. “कसली भारी झालीय बघा, ताई. भाता म्हणजे एकदम लोणी.”

विजयश्रीने बाहेरच्या घडीवरून बोट फिरवले. “इथलं ठिगळ?”

“काढलं ना ते. कुणीतरी हँडग्लोव्हचं कातडं चिकटवलं होतं, राव. कारागीर हसत होता.”

“कुणीतरी नाही, सनी. बाबांनी.”

सनीचा चेहरा उतरला. “आईशप्पथ, ताई, मला माहीत नव्हतं. मला वाटलं, काकांची पेटी आहे, नीट व्हायला पाहिजे.”

“विचारायचं तरी होतंस,” ती म्हणाली. माझ्याही मनात तेच होते. मला माझे ठिगळ हवे होते.

तालमीला ती माझ्यामागे बसली आणि तिने सवयीने हात मारला. मी किंचाळले. गळक्या भात्याला लागणारा जोर तिच्या हातात मुरला होता. नव्या भात्याला त्याच्या निम्माही नको होता.

कुसुमताई दचकल्या. “अगं, पेटी वाजायलीय का म्हैस हंबरायलीय?”

सनी हसला. विजयश्री हसली नाही. तिने हात हलका केला तर आवाज डगमगला, जोर दिला तर फाटला. पुढच्या गुरुवारी तेच झाले, त्याच्या पुढच्यालाही. कार्यक्रम आठ दिवसांवर आला.

“ताई, राग मानू नका,” सनी म्हणाला. “भाता मीच मारतो. तुम्ही पहिल्या रांगेत काकूंजवळ बसा.”

“बाकीची गाणी तू वाजव. शेवटच्या गाण्याला मी बसणार.”

“त्याच गाण्याची तर भीती आहे.” सनीने ज्योतीरामांची वही उघडली. “हे बघा. शेवटच्या ‘घरी’पुढे काकांनी पेन्सिलनं रेघ मारलीय, पार पानाच्या टोकापर्यंत. म्हणजे तो सूर एवढा लांब धरायचाय. मी धरणार.”

“बाबा तिथं थांबायचे.”

“थांबायचे. पण लिहिलंय असं.”

तिने रेघेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, “सनी, रडू आलं तर तोंड फिरवता येतं. हात थरथरला तर ते सगळ्यांना ऐकू येतं. मला फक्त तेवढीच भीती आहे.”

मित्रांनो, भीती मलाही होती. नवे कातडे माझ्या पोटात परक्यासारखे बसले होते. ते ऐन वेळी काय करील, हे मलाच ठाऊक नव्हते.

कार्यक्रमाचा दिवस आला. नाट्यगृहात बाजूच्या पायऱ्यांवरही माणसे बसली होती. कुणी ओव्हरटाइम करून थेट कंपनीच्या गणवेशात आले होते. पहिल्या रांगेत पांढरी टोपी घातलेले बबनराव आणि त्यांच्या शेजारी कुसुमताई. एकामागून एक गाणी झाली. सनीने सगळी चांगली वाजवली. मी मात्र प्रत्येक टाळीबरोबर मोजत होते, आता चार राहिली, आता दोन.

शेवटच्या गाण्याला विजयश्री आली. ती माझ्यामागे, सनीच्या समोर बसली, म्हणजे लोकांकडे पाठ करून. खालून कुसुमताईंचा दबका आवाज आला, “विजू, लोकांकडं पाठ नको करूस, बाई.” ती वळली नाही. तिची जागा तीच होती.

पहिली ओळ गेली. तिचा हात घट्ट होता, आणि मी थोडी कर्कश होते. सनीने डोळ्यांनी खूण केली. तिने जोर कमी केला. आवाज हलला, पुन्हा सावरला. लोक गाऊ लागले, आधी मागचे, मग सगळेच. भोंगा वाजो, बस निघू दे. शेवटच्या ओळीला मात्र सभागृह आपोआप शांत झाले, कारण ‘घरी’नंतरची टिचकी सगळ्यांना पाठ होती.

टिचकी आली नाही. सनीने ‘घरी’चा सूर धरला.

एक क्षण. दोन क्षण. आणि विजयश्रीचा हात भात्यावरून सुटला.

तो थरथरला नाही, सुटलाच. तो तिच्या तोंडावर गेला. खांदे हलले. आता मी बंद पडणार, हे मला माहीत होते. इतकी वर्षे तसेच होत आले होते. समोर सातशे माणसे होती, आणि ज्योतीरामांचे गाणे त्यांच्याच मुलीच्या हातून तुटणार होते. सनीने डोळे उघडले. त्याने पाहिले, पण पट्टीवरचे बोट उचलले नाही.

मी बंद पडले नाही.

पोटातला नवा भाता हळूहळू खाली बसत होता आणि बसता बसता सूर पुरवत होता. इतका वारा माझ्यात साठतो, हे मीच विसरले होते. तिसरा क्षण, चौथा, पाचवा. त्या परक्या कातड्यावर मी सगळा भार टाकला. सहाव्याला तिने डोळे पुसले आणि हात परत आला, या वेळी अगदी हलका, जसा हवा होता तसा. सूर कुठेही तुटला नाही. सनीने तो मनासारखा धरला आणि मग सोडला. सभागृहाला काहीच कळले नाही. टाळ्या उशिरा सुरू झाल्या, आणि मग खूप वेळ थांबल्या नाहीत.

पडदा पडल्यावर बबनराव काठी टेकत रंगमंचावर आले.

“पोरी, ह्यो ‘घरी’ येवढा लांब मी कंदीच ऐकला न्हाई.”

“तो तेवढाच होता, नाना. वहीत लिहिलेला.”

“मंग ज्योतीराम का म्हनायचा न्हाई तसा?”

उत्तर कुसुमताईंनी दिले. “वाराच पुरायचा नाही त्यांना. पेटी फुटकी होती ना.”

“मंग दुरुस्त का न्हाई केली तवाच?”

सनी माझे झाकण लावता लावता थांबला. मग विजयश्री शांतपणे म्हणाली, “आठ दिवसांचं काम होतं, नाना.”

मित्रांनो, आता मी पुन्हा मोशीच्या घरात आहे, कपाटावर नाही, जमिनीवर चटईवर. दर दोन-तीन दिवसांनी माझे झाकण उघडते, भात्यात वारा खेळतो, दमट दिवसांत शेजारी कापूर ठेवला जातो. आमच्यासारख्या वस्तूंना एवढे पुरते. तुमच्या घरी एखादी पेटी, तबला, सायकल, शिलाई मशीन असेल तर तिच्यासाठी एवढे करा. ठिगळ लावलेले असेल तर काढण्याआधी ते कुणी लावले, हे विचारा.

आणि दुसरे सांगणे वस्तूंबद्दलचे नाही. ज्योतीराम ओळ अर्ध्यावर सोडत आणि वर टिचकी मारून हसवत. आम्ही सगळे हसलो. मुलगी हसली, बायको हसली, मीही. ते हसतात म्हणजे त्यांना तसेच हवे आहे, असे आम्ही धरून चाललो. तुमच्याही घरात कुणी असे काहीतरी अर्ध्यावर सोडून हसत असेल. त्याला नेमके काय कमी पडते, ते बघा आणि त्याच आठवड्यात कामाला लागा. दुरुस्तीला फार तर आठ दिवस जातात. ते आठ दिवस माणूस समोर बसलेला असतानाच काढा.