बिबट्याची खबर देणारा संगणक

मी एक जुना संगणक आहे. पिंपळवंडीजवळच्या एका दूध डेअरीत, दुधाचं फॅट मोजणाऱ्या मशीनशेजारी माझं टेबल आहे. मित्रांनो, सुरुवातीला मी फक्त दुधाच्या पावत्या छापत असे.

पुढे गावची हर्षाली जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून पुण्यात नोकरीला लागली आणि तिने माझ्यात एक वेब ॲप्लिकेशन बसवलं. उसात बिबट्या दिसला की लोक डेअरीच्या रामनाथभाऊंना फोन करत. ते माझ्यावर जागा नोंदवत, आणि त्या शिवारातल्या प्रत्येक फोनवर मेसेज जाई. ओझरला दर्शनाला आलेले पाहुणेसुद्धा मला बघून गेले होते.

वीज गेल्यावर मला चालू ठेवणारी बॅटरी मात्र थकत चालली होती. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. एका संध्याकाळी वीज गेली आणि मी बंद पडलो. तेव्हाच बोरीच्या शिवारात बिबट्या दिसल्याचा फोन आला. रामनाथभाऊ एकेकाला फोन लावत राहिले. तिथेच राहणाऱ्या साळुबाईंना फोन लागेपर्यंत बिबट्याने त्यांच्यावर हल्ला केला होता.

जखमा भरल्यावर साळुबाई डेअरीत आल्या. उजवा हात निकामी झाला होता. हर्षालीही तिथेच होती. साळुबाई शांतपणे म्हणाल्या, “पोरी, मेसेज आला न्हाई म्हनून मी गोठ्याकडं गेले. वाटलं, आज काय भ्या न्हाई.”

हर्षाली माझ्यासमोर बसली आणि ॲप्लिकेशन क्लाउडवर, म्हणजे दूरच्या, सतत चालू राहणाऱ्या संगणकांवर न्यायच्या कामाला लागली. तिथे ते पुन्हा पुन्हा बंद पडे. कारण प्रोग्रॅममध्ये माझाच पत्ता आणि पासवर्ड लिहिलेला होता. सुरू होताच ते मलाच शोधू लागे. तिने त्या ओळी काढल्या. माहिती कुठे ठेवली आहे, हे आता त्याला क्लाउडच्या सेटिंगमधून कळू लागलं. ते बंद पडलंच, तर तिला आणि रामनाथभाऊंना लगेच सूचना जावी, अशीही सोय तिने केली. मग माझ्यातलं ॲप्लिकेशन पुसून टाकलं. मला फार रितं वाटलं.

श्रावणात पुन्हा वीज गेली आणि माझा पडदा काळा झाला. बिबट्याची खबर येताच रामनाथभाऊंनी स्वतःच्या फोनवरून नोंद केली. दूध घालायला आलेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले. साळुबाईंनी किटली खाली ठेवली, मेसेज वाचला आणि सुनेला फोन लावला. “पोरांना आत घे. दार लाव.”

मित्रांनो, यंत्र गप्प असलं की माणसांना वाटतं, सगळं ठीक आहे. म्हणून ते चालू आहे ना, एवढं रोज बघत जा.