आवाजाचा मीटर डाव्या कडेला

मेंदूच्या ऑपरेशननंतर माझे दोन्ही डोळे शाबूत राहिले, पण समोरच्या जगाची डावी बाजू दिसेनाशी झाली. नवरा डावीकडून भांडायला आला तर कळत नाही, एवढाच काय तो फायदा. बाकी मी दारांवर आपटते, कप सांडते आणि आमच्या एडिटिंग स्टुडिओचे मालक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. त्याने माझं डोकं फिरतं.

"घाई काय आहे? आराम कर," ते म्हणाले.

"परीक्षा घ्या. नाही जमलं तर स्वतःहून घरी बसेन."

त्यांनी बुटांच्या कारखान्यावरची एक छोटी फिल्म कापायला दिली. दुपारी बघणार होते. जमली तर माझी नोकरी परत.

मी आधी फिल्मला हातच लावला नाही. सॉफ्टवेअरची सगळी मांडणी मोडली. क्लिपांची खिडकी सगळ्यांची डावीकडे असते, ती ओढून उजवीकडे नेली. चित्र लहान करून तिच्या शेजारी बसवलं. खालची टाइमलाइन, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची रांग, आखडून घेतली. आणि आवाजाचा मीटर, ती नाचणारी हिरवी पट्टी, थेट डाव्या कडेला उभा केला.

साउंडवाल्याला आम्ही कानसेन म्हणतो. तो मागून येऊन हादरलाच. "ताई, माझा मीटर कुठे हाकललात?"

"कुंपण आहे ते. नजर डावीकडे नेत राहायची. हिरवं दिसलं की समजायचं, स्क्रीन संपला, काही सुटलं नाही."

"आणि शांत प्रसंग आला की? पट्टी नाचणारच नाही."

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कानसेनने खुर्ची ओढली आणि कारखान्यातल्या मशीनची बारीक घरघर सुरुवातीपासून शेवटपर्यंत खाली अंथरून दिली. कुंपण जागं राहिलं. मग मात्र मी सपासप कापत सुटले.

दुपारी मालकांनी फिल्म बघितली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"तो शिलाईचा शॉट लांबलाय," म्हणत त्यांनी नेहमीसारखा माउस हिसकावला. हात सवयीने डावीकडे गेला, तिथे मीटर. वर शोधलं, खाली शोधलं. भलताच तुकडा कापला, परत जोडला. कानसेन छताकडे बघत राहिला.

"यात काही म्हणजे काही सापडत नाही!" त्यांनी वैतागून माउस माझ्यापुढे ढकलला. "तूच कर."

"म्हणजे सोमवारपासून येऊ?"

"सोमवार?" मालक चक्क माझ्यावर ओरडले. "तोपर्यंत हा शॉट काय असाच लोंबकळत ठेवू?"