सूचीतले नक्तांध्य

…त्या कार्डाचे कोपरे अजून धारदार होते. ‘नकाशे’ आणि ‘नक्षत्रे’ ही कार्डे बोटांनी मळून कडांना काळसर झालेली. त्यांच्यामध्ये हे एकच पांढरेशुभ्र, चार वर्षांत कुणीही न शिवलेले — ‘नक्तांध्य’. अक्षर व्यंकटरावांचेच, वळणदार.

वालूरच्या वाचनालयातली ही सूची म्हणजे शाळेतून निवृत्त झाल्यापासूनचे त्यांचे व्रत. वर्तमानपत्रांतला उपयुक्त मजकूर कापायचा, घोटीव गद्यात त्याचा सारांश लिहायचा, आणि मथळा देऊन कार्ड लावायचे. ‘लोक कोणत्या शब्दानं शोधतील तेवढं बघा की, व्यंकटराव,’ असे कार्यवाह चंद्रभान एकदा म्हणाले, तर त्यांच्याशी ते तासभर भांडले होते. वाचकाने सूचीपर्यंत चढून यावे. सूचीने खाली का उतरावे?

सिताराम चढूनच आला होता. दीड महिन्यापूर्वी, निंदणीवरून थेट, हातपाय धुऊन. “गुरुजी, लेकीला दिवेलागणीपासून दिसंना झालंय. रातांधळेपणाचं काही लिहिलेलं हाय का?”

“सूचीत पाहावे.”

चौथी शिकलेला माणूस. त्याने ‘र’चा खण पाहिला, ‘आ’चा पाहिला, एकेका कार्डावर बोट ठेवत ‘ड’चा पाहिला — आणि व्यंकटराव चष्म्याआडून पाहत होते. त्यांना ठाऊक होते. ‘न’चा खण त्याच्या कोपराशी होता. रातांधळेपणा म्हणजे नक्तांध्य, एवढा एक शब्द… पण विचारणाऱ्याला सांगतच बसायचे तर सूची कशाला, हा युक्तिवाद तयार होता. आणि युक्तिवादाच्या तळाशी, आता नाकारून काय उपयोग, थोडीशी मौजही होती. त्याच आठवड्यात व्यंकटरावांनी लिहिलेले विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूचे निवेदन बुद्धविहारापुढे वाचले गेले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत सिताराम पुढे होता.

आज तो समोरच्या बाकावर बसला होता, परभणीच्या दवाखान्यातून आलेला. लेकीच्या उजव्या डोळ्यात पांढरे पडले होते, तो गेला. दुसरा वाचेल, औषध चालू आहे, पण खाण्यापिण्याचे सांभाळा, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

“माजंच वाचन कच्चं, गुरुजी. तुमी तर सांगितलं व्हतं, सूचीत बघ म्हणून.” तो हसला. “शाळेत मास्तर म्हणायचेच — सित्या, तुला तर दिवसा बी दिसत न्हाई.”

व्यंकटरावांनी कात्रणांचे पाकीट उघडले, सारांश काढला आणि वाचू लागले. “‘नक्तांध्यग्रस्तास हरितपर्णयुक्त शाकाहार विपुल प्रमाणात…’”

सिताराम पोथी ऐकावी तशी मान हलवत होता. मग चाचरत म्हणाला, “म्हंजी… द्यायचं काय, गुरुजी?”

“पालेभाजी.” शब्द कोरडे निघाले. “तांदुळजा. पपई. शेवग्याचा पाला.”

“शेवगा?” त्याने चमकून वर पाहिले. “शेवगा तर आमच्या दारातच हाय की.”

आता सांगायला हवे होते. ‘त्या दिवशी मला ठाऊक होते,’ एवढेच. पण मनात वाक्य जुळू लागले — ‘सिताराम, ज्या शब्दाच्या शोधात तुम्ही खणामागून खण धुंडाळीत होता, तो शब्द माझ्या ओठांवर असूनही…’ — आणि त्या वाक्याचा तोल त्यांना आवडला. आवडला हे ध्यानात आले तशा कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी ते मोडले. दुसरे जुळवले, तेही डौलदारच निघाले.

सिताराम अदबीने थांबला होता. गुरुजी पुढचे वाचणार, असे त्याला वाटत असावे. व्यंकटराव कागदावरून नजर उचलीनात. सिताराम चिडेल याचे भय नव्हते. चिडला असता तर बरेच होते… तो हात जोडून ‘जाऊ द्या, गुरुजी’ म्हणेल, आणि ते ऐकून आपल्याला हायसे वाटेल — भय त्या हायसे वाटण्याचे होते.