दिवेलागणीचा ताप

मुठीएवढा पंखा, पण घोंघावतोय विमानासारखा.

लाल दोऱ्यात बांधलेला पेन ड्राइव्ह, वर गंगाजल शिंपडलेलं.

शेजारच्या वीणाकाकूंची सून रुचा माहेरी धाडली गेली. का, ते तिला कुणी सांगितलं नाही.

एक रामनामी शाल, जन्मात पाणी न लागलेली.

आणि एक प्रश्न : “दिवेलागणीला त्या खोलीत कोण येतं?”

हे तुकडे जोडून झाले, तेव्हा देवयानीला राग आला नाही. तो फार आधीच येऊन बसला होता. आता तिला फक्त गर्दी हवी होती.

गर्दी जमली. दूधविनायकाच्या मराठी गल्लीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसांचे ताप उतरवणारे बाबा काशीत घाटोघाट सापडतात. संगणकाचा ताप उतरवणारा यंत्रनाथ महाराज एकटाच. जिन्यावर बाया, गॅलरीत पोरं, आणि खोलीत संगणकासमोर देवयानीचा धाकटा भाऊ केयूर.

केयूर ऑनलाइन गेम खेळायचा, संघातून, स्पर्धेत. संध्याकाळी सात वाजले की चित्र थिजायचं, पंखा किंचाळायचा, पेटी तव्यासारखी तापायची. साथीदार कानात ओरडायचे, “अबे केयूर, सो गया क्या?” प्रोसेसर शंभर टक्क्यांवर.

महाराज आला होता, पडद्यासकट सगळ्या संगणकावर शाल पांघरून, तिच्याखाली हात घालून मंत्र पुटपुटला होता, आणि पंखा शांत झाला होता! मग त्यानं तो प्रश्न विचारला. दिवेलागणीला खोलीत दिवा घेऊन यायची शरदिनी आत्या. विधवा. देवयानीच्या वडिलांची, अप्पांची, सख्खी बहीण. आई गेल्यावर देवयानीची वेणी घालणारी, तिच्या तापात उशाशी बसणारी.

“छाया है,” महाराज म्हणाला होता. “या बाईला घरातून काढल्याशिवाय यंत्राला आराम नाही.”

अप्पांनी आश्रमात जागासुद्धा पाहून ठेवली. आत्याची ट्रंक भरलेली होती.

देवयानी शाळेत संगणक शिकवायची. तिनं टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कोणता प्रोग्राम किती ताकद खातोय ते दाखवणारी खिडकी. उघडताच पंखा गप्प. बंद केली, पंखा सुरू. पुन्हा उघडली, पुन्हा गप्प. भुताला खिडकीची भीती वाटते होय? चोराला वाटते. मग तिनं दुसऱ्या नावाचं, तेच काम करणारं साधन चालवलं. चोराला ते ओळखू आलं नाही, आणि तो सापडला.

तिथेच पुसून टाकता आला असता. पण मग महाराज सुटला असता. देवयानीला तो सुटायला नको होता.

“अप्पा,” ती गोड आवाजात म्हणाली, “आत्याला धाडायच्या आधी महाराजांना एकदा बोलवू या. सगळ्या गल्लीसमोर.”

आत्याला तिनं मुद्दाम बालाजी घाटावर पाठवून दिलं.

महाराज गादीवर टेकला. “प्रोसेसर म्हणजे यंत्राचा प्राण. प्राण ब्रह्मरंध्रात चढला की फॅनच्या मुखातून ओंकार निघतो. हे सॉफ्टवेअरवाल्यांना काय कळणार? उनके पास डिग्री है, दृष्टी नहीं।”

“वाह महाराज!” जिन्यावरून आवाज आला.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. दिवा लागलेला नव्हता. केयूर खेळत होता. गेमनं पडदा व्यापला होता, कोपऱ्यातलं घड्याळ झाकलेलं. आणि अचानक पंखा किंचाळला. चित्र थिजलं.

महाराजानं दचकून खिडकीकडे पाहिलं. मग सावरला. “पाहा! छाया आली!”

“कुठून आली?” देवयानीनं विचारलं. “आत्या घाटावर आहे. दिवा लागलेला नाही. खोलीत नवीन कोण आलंय ते सांगा.”

मग वीणाकाकू म्हणाल्या, “महाराजच आलेत की गं.”

गॅलरीतली पोरं फिसकन हसली.

“उतरवा ना ताप, महाराज,” देवयानी म्हणाली. “सवयीप्रमाणे.”

संगणकावर शाल पडली. पुटपुट झाली. पंखा शांत झाला. त्याच क्षणी देवयानीनं शाल ओढली. महाराजाची तीन बोटं तीन कळांवर अजून तशीच, आणि पडद्यावर टास्क मॅनेजर!

“हा तुमचा मंत्र. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप.”

मग तिनं सगळं फोडून सांगितलं. गेम वेगानं चालावा म्हणून महाराजाच्या चेल्यानं गल्लीभर वाटलेल्या त्या प्रसादाच्या पेन ड्राइव्हमध्ये एक प्रोग्राम होता. संगणकाच्या घड्याळात सात वाजले की तो जागा व्हायचा आणि सगळा प्रोसेसर जुंपून महाराजासाठी पैशात बदलता येणारी आभासी नाणी घडवायचा. आज ते घड्याळ तिनंच साताच्या जवळ नेऊन ठेवलं होतं. कुणी पाहायला लागलं की लपायचा. “यंत्र आता सोवळ्यात आहे, परक्याचा हात नको,” असं महाराजानं सांगितलं, म्हणून केयूरनं व्हायरस शोधणारा प्रोग्रामसुद्धा काढून टाकला होता. आणि वेळ सातची का? मराठी घरात त्या वेळी दिवा घेऊन कुणी ना कुणी बाई येतेच. प्रत्येक घरात गुन्हेगार तयार!

“झूठ!” महाराज उठला. केयूर दारात आडवा झाला.

“काकू, या. तुम्हीच बघा,” देवयानी म्हणाली. तिनं टास्क मॅनेजर बंद केला आणि संगणकाचं घड्याळ मागे घेतलं. पंखा गप्प. वीणाकाकूंनी ते पुन्हा सातवर नेलं. पंखा किंचाळला.

“म्हणजे माझी रुचा...”

“तिचा दोष एवढाच, की ती वेळेवर दिवा लावायची.”

वीणाकाकू मोबाइलमध्ये रुचाचा नंबर शोधू लागल्या. देवयानीनं त्यांना धीर दिला नाही. ती महाराजाकडे वळली. “आता हे तुमच्या तोंडून. मोठ्यानं. खाली गल्लीपर्यंत ऐकू जाऊ द्या. पोलिसांना फोन केलाय, ते येईपर्यंत वेळ आहे.”

त्याला बोलावं लागलं. तो अडखळला तिथं पोरांनी पुन्हा म्हणायला लावलं. देवयानी हात बांधून ऐकत राहिली, आणि तिला ते फार, फार बरं वाटलं.

“शरूला मी काय सांगू गं?” अप्पा पुटपुटले.

“आधी ट्रंक रिकामी करा. मग माफी मागा.”

यंत्र तापलं तर आत काय चाललंय ते पाहा. धूळ झाडा. कुणी दिलेलं काहीही डोळे मिटून जोडू नका, प्रसाद म्हणून दिलं असेल तर मुळीच नको. आणि घरातल्या बाईकडे बोट दाखवण्याआधी एकदा वेळ बदलून पाहा, माणूस बदलून पाहा. एवढी तपासणी कुणालाही जमते. ती न करता दिलेली शिक्षा हा गुन्हाच असतो, मग ती कुठल्याही महाराजाच्या तोंडून येवो.

महाराज पहिल्यांदा घरी जेवायला आला, तेव्हा त्याला आग्रह करकरून श्रीखंड वाढणारी शरदिनी आत्याच होती.