तीन बायांनी राखलेलं जवस

नाल्याकाठच्या तुकड्यापाशी पेरणीची तिफन आली आणि सत्यभामा वावरात मांडी घालून बसली. कमरेची सरकीची ओटी सोडून तिनं बाजूला ठेवली.

"काय झालं वं? चक्कर आली काय?" तिच्या नवऱ्यानं, जानरावनं कासरा ओढला.

"मले नाई आली, तुमाले आली. हा तुकडा दरसाली जवसाचा असते. अठी मी कापूस पेरू देत नाई."

वावराला वापसा आला होता. काळी माती पायाला चिकटेनाशी झाली होती. समुद्रापार कुठंतरी लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, इकडच्याचा भाव चढला, म्हणून चांदूर बाजारपासून अकोल्यापर्यंत जो तो कापसामागं लागला होता. लोकांनी गोठ्यापुढचं अंगणसुद्धा सोडलं नव्हतं.

"अवं, दिवस कापसाचे हायेत. जवस बाजारातून आनू."

"कोन्या बाजारातून? समदेच कापूस पेरून राहिले, तं बाजारात जवस येईन कोठून? चटनी कायची वाटू? भाकरीवर तेल कायचं घेऊ? बैलाले ढेप कोठून देऊ? थंडीत टाचा फुटल्या का तुमीच बोंबलता, तेल आन वं, तेल आन! अन् शकुनले दिवस गेलेत. फागनात पोरगी बाळंतपनाले येईन. तिले लाडू कायचे करू, सरकीचे?"

सरकीचे लाडू म्हटल्यावर गडी सहदेव फिसकन हसला. जानरावला ते झोंबलं.

"सहदेव, ओटी घे. हे बसली तेवढ्यात जवस, बाकी समदा कापूस!"

शेजारच्या वावरातून, बांधाच्या धुऱ्यावरून भगवंतराव ओरडला, "जानराव, खाटल्याएवढं जवस पिकन तुह्यं!"

ते बोलणं पार्बताबाईच्या कानावर गेलं. ही विधवा बाई शेणाची टोपली घेऊन पांदणीनं चालली होती. तिला स्वतःचं वावर नव्हतं. दरसाली ती सत्यभामेकडं जवस उपटायला यायची आणि वाट्याला आलेल्या जवसावर वर्ष काढायची. तिनं टोपली खाली ठेवली.

"सरक वं सत्यभामा. मी बी बसतो."

तेवढ्यात भगवंतरावच्या शेजारून त्याची बायको मनकर्णा उठली आणि धुरा ओलांडू लागली.

"अवं, तू कुठी चालली?"

"बसाले! तुमी तं जवसाले बोटभर जागा ठेवली नाई. माह्या पोराईच्या भाकरीवर काय आभाळ वाढू?"

भगवंतरावचं हसू जागीच विरलं.

"जवळ जवळ नोका बसू," सत्यभामा म्हणाली. मग एक नाल्याच्या बाभळीखाली, एक धुऱ्याला आणि एक मधोमध अशा तिघी पसरल्या. बैल वळवायला जागा उरली नाही. जानरावनं थोडा वेळ बैलांकडं पाहिलं, थोडा वेळ बायकांकडं.

"घ्या बाप्पा तुमचं जवस! पन मी वखरनार नाई, सांगून ठेवतो."

श्रावणात त्यानं तो तुकडा दोनदा वखरला. म्हणे, तिथलं गवत आपल्या कापसात येते.

जवस रब्बीचं, ते कार्तिकात पेरलं. पौषात जवसाच्या फुलांनी नाल्याकाठ निळानिळा झाला. फाल्गुनात तिघींनी मिळून जवस उपटलं, झोडलं, वाटून घेतलं. त्याच आठवड्यात शकुनला मुलगी झाली. तीन दिवस दूध उतरेना. लेकरू रडे, त्याच्याबरोबर शकुनही रडे. सत्यभामेनं जवस खमंग भाजलं, कुटलं, तूप-गूळ घालून लाडू बांधले आणि लेकीपाशी बसून एकेक खाऊ घातला. चौथ्या दिवशी दूध उतरलं. लाडवानं उतरलं की आईच्या धीरानं, कोण सांगणार? लेकरू मात्र पोटभर पिऊन झोपलं.

चैत्रात शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन गाड्या अकोल्याला निघाल्या. मूर्तिजापूरजवळ निंबाखाली बैल सोडले. कोणाच्या फडक्यात भाकरी आणि मीठ, कोणाच्या भाकरी आणि मिरची. जानरावनं आपलं फडकं सोडलं, जवसाच्या चटणीत आळं केलं आणि त्यात तेल ओतलं. वास सुटला तसे गाडीवान त्याच्याभोवती जमले.

"भाऊ, यंदा जवस भेटलं कुठी? बाजारात तं औषधाले नाई!"

"पेरलं होतं," जानराव ऐटीत म्हणाला. "मी पयलेच सांगून ठेवलं घरी, काईबी होवो, तो तुकडा जवसालेच राहीन. बायामानसाईले काय समजते त्यातलं?"

शेजारी जेवणाऱ्या भगवंतरावला ठसका लागला. पण त्याच्याही भाकरीवर तीच चटणी होती, म्हणून त्यानं पाण्याबरोबर ठसका गिळला.

घरी आल्यावर मात्र त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं मनकर्णेला सांगितलं. मनकर्णा पार्बताबाईला घेऊन तडक सत्यभामेच्या घरी आली. सत्यभामा पाय पसरून नातीला जवसाचं तेल चोळत होती. ऐकता ऐकता ती इतकी हसली की पोरगी मांडीवर हलायला लागली.

"अन् तू काई बोलनार नाई त्याईले?" मनकर्णेनं विचारलं.

"काहून बोलू?" सत्यभामा नातीच्या टाळूवर तेल जिरवत म्हणाली. "दहा गावच्या गाडीवानाईले सांगून बसले ते. आता पुढच्या साली नाई पेरलं, तं तोंड कुठी दाखवतीन?"