पकड सुटेना

औषध धुवून अकरा मिनिटं झाली, तरी पडद्यावरचे हिरवे ठिपके जागचे हलायला तयार नव्हते.

पेशी काचेला धरून बसते ती या ठिपक्यांनी. पुढे नवी पकड घ्यायची, मागची सोडायची, तेव्हा कुठे ती सरकते. नोएलियाच्या पेशींना सोडणंच जमत नव्हतं, कारण त्यांच्यात एक प्रथिन नव्हतं. तीन वर्षं खपून तिने ते परत घातलं होतं. त्याचा उपयोग झाला की नाही, ते आज कळणार होतं. औषधाने पेशीतले बारीक तंतू मोडायचे, मग औषध धुवून टाकायचं; तंतू पुन्हा वाढत ठिपक्यांपाशी पोचले, की पकड विरघळायला हवी. पंधरा मिनिटांत.

बारा झाली.

पेशींची ही शेवटची बशी. गेल्या महिन्यात वीज गेली आणि गोठवलेल्या बाकीच्या कुप्या वितळून वाया गेल्या. त्यात एक वाजता सूक्ष्मदर्शक दुसऱ्या गटाला द्यायचा होता.

"काय गं, तोंड का उतरलंय?" दारात नेल्लीबाई होत्या. माँटेव्हिडिओतल्या या प्रयोगशाळेत तीस वर्षं पेशी वाढवणाऱ्या. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात 'माते' या तिथल्या कडवट चहाचा पेला. आत आणायची बंदी, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभ्या.

"सुटत नाहीयेत हो. माझं सगळंच चुकलं."

"सगळंच? त्याला फार हुशारी लागते, पोरी. धुतलंस कशाने?"

नोएलियाने बाटली नेऊन दिली. नेल्लीबाईंनी ती गालाला लावली.

"अगं बाई, ही तर गारढोण! फ्रिजमधून काढून तशीच ओतलीस?"

"घाई होती... एकला यंत्र सोडायचंय..."

"गारठ्यात तंतू वाढतात होय? तुला थंड पाण्यात बसवलं तर तू पसरशील का हातपाय?"

बाटल्या कोमट करायची टाकी आठवडाभर बिघडलेली. नेल्लीबाईंनी क्षणभर थर्मासकडे पाहिलं, मग बाहेरच्या बेसिनवर जाऊन तो भांड्यात रिकामा केला. नळाचं पाणी मिसळत, तापमापी बुडवत त्या पुटपुटल्या, "संध्याकाळपर्यंतची माते गेली माझी. एवढं तर मी नवऱ्यासाठीही केलं नसतं."

त्या पाण्यात ठेवलेली बाटली सदतीस अंशांवर आली. नोएलियाने गार द्रावण काढून कोमट ओतलं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर नेलं. बारा वाजून वीस मिनिटं.

नऊ मिनिटं काहीच नाही. गारठ्याने पेशी मेल्याच असतील तर? तिने वहीत लिहून टाकलं: आधी गार द्रावणाने धुतलं, चूक माझी. अक्षर वेडंवाकडं आलं.

तेराव्या मिनिटाला एका पेशीच्या मागचा ठिपका फिका वाटला. तिने चष्मा पुसला. ठिपका नव्हता. त्याच्या शेजारचाही विरत चालला होता. पेशीची लांबलेली शेपटी सुटली, आत ओढली गेली आणि पेशी किंचित पुढे सरकली.

"सुटली का?" बाहेरून आवाज आला.

"एक." तिने पडद्यावरची नजर काढून दाराकडे वळवली. "एकच, नेल्लीबाई."

"मग बाकीच्यांकडे बघ ना, माझ्याकडे काय बघतेस!"

चौदावं मिनिट. दुसरीच्या मागचे ठिपके तसेच घट्ट. तिसरीचेही. मग दुसरीचा एक ठिपका कडेने विरल्यासारखा झाला, पाठोपाठ तिसरीचा.