रिकाम्या पेशींची प्लेट

“आधी रिकाम्या पेशी बघ गं. ज्यांत आपण काहीच घातलं नाही, त्या काय म्हणतात ते ऐक. मग नाच.”

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई हे रोज सांगायच्या. संप्रेरकाचा निरोप टिपणारा रिसेप्टर पेशीच्या अंगावर असतो. त्याचं जनुक डीएनएच्या हजारो तुकड्यांतून वेगळं काढायला बाईंना नऊ वर्षं लागली. त्या अंथरुणाला खिळल्या आणि त्यांच्या हाताखालच्या साहेबांनी ते काम स्वतःच्या नावावर छापलं. बाई त्याच महिन्यात गेल्या. मी प्रयोगशाळेतली मदतनीस. गप्प राहून पेशी वाढवत राहिले.

यंदा साहेबांना दुसऱ्या एका रिसेप्टरचं जनुक सापडलं. नव्या पेशी मागवल्या, त्यांत ते घातलं, वर किरणोत्सारी संप्रेरक सोडलं. फिल्मवर काळे ठिपके उमटले, म्हणजे संप्रेरक पेशींना चिकटलं होतं.

“साहेब, रिकाम्या पेशींची प्लेट लावू?”

“मागच्या वर्षी लावलीत की! ताई, तुम्ही म्हणजे बाईंचं भूत आहात अगदी.”

मागच्या वर्षीच्या पेशी वेगळ्या होत्या, हे ते विसरले. मी गुपचूप प्लेट लावली. चार दिवसांनी फिल्म धुतली, तर रिकाम्या पेशींवरही तेवढेच ठिपके. रिसेप्टर त्या पेशींच्या अंगचाच होता. साहेबांच्या जनुकाने काहीच केलं नव्हतं.

खोटं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. न विचारता सांगायचं, असा नेम मी कधी घेतलेला नाही. जपाला बसले की साहेबांच्या होणाऱ्या फजितीने मनात गोड गोड वाटे. देवापुढे ते कबूल केलं, तरी साहेबांना सांगितलं नाही.

बाईंच्या थोरल्या भावाला फोन केला. तेही याच कामातले.

“दादा, साहेब नवं जनुक मांडणार आहेत, त्या सभेला या. पुढे बसा.”

“तुझ्या साहेबाला हार घालायला?”

“रिकाम्या पेशींचं विचारायला.”

“अस्सं! येतो तर मग.”

सभेच्या सकाळी साहेब कोट झटकत म्हणाले, “ताई, कुणी पेशींचं काही काढलं तर तुम्हीच उठा. तुमच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. सांगाल ना?”

“सांगेन. जे आहे ते.”

“वचन?”

“वचन.”

ते शीळ घालत पुढे गेले. क्षणभर वाटलं, हाक मारावी. नाही मारली. हात धुतले, दोन्ही फिल्म पाकिटात घातल्या आणि हलक्या पावलांनी सभागृहाचा जिना चढू लागले.